हवा कमी केल्यावर

फुटलेल्या टायरच्या पोटात हात फिरवला तेव्हा बोटांना काळी भुकटी लागली. रबराची भुकटी. पुरेशा हवेवर चाललेल्या टायरमध्ये ती सापडत नाही. हवा कमी असली की टायरच्या बाजू दर फेऱ्याला दुमडतात, दुमडून तापतात, आतून झिजत जातात, आणि मग एखाद्या दुपारी भर वेगात फाटतात.

"हा कमी हवेवर चाललाय," मी म्हणाले.

गुणवंतराव हिंगे दुकानाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. वर्ध्याला त्यांचं टायरचं दुकान होतं आणि आमच्या कंपनीचा माल त्या भागात तेच विकायचे. "आमच्याकडून हवा बरोबर जाते मॅडम," ते म्हणाले. "तेहेतीस पौंड म्हंजे तेहेतीस. माझ्या सासऱ्याच्या गाडीत पण मी तेहेतीसच भरतो, आन् त्याच्यावर माझा राग हाय."

"मग कमी होते कुठे?"

"थेच पाहाले तर तुमाले पुण्याहून बोलावलं."

वैशाख होता. दुकानापुढच्या डांबरात चपलेची टाच रुतत होती. आमच्या कंपनीने त्या वर्षी उन्हाळ्यासाठी म्हणून मधल्या किमतीचा एक टायर काढला होता. महागड्या टायरइतकी पकड आणि स्वस्ताच्या जवळ जाणारी किंमत, असं त्याच्या जाहिरातीत होतं, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. राज्यात सगळीकडे तो नीट चालला. फक्त वर्ध्याच्या आसपास फुटला, आणि तोही नव्या सिमेंटच्या रस्त्यावर. शेवटच्या अपघातात एक माणूस गेला. प्रयोगशाळेने रबर तपासलं, ते निर्दोष निघालं. मग चालकांना भेटून त्यांचे अनुभव विचारून या, असं सांगून मला पाठवलं. खरं तर माझा विभाग आवाज आणि कंपनांचा. पण मे महिन्यात विदर्भात जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

गुणवंतरावांनी टायर नेलेल्या गिऱ्हाइकांना फोन करून चहाला बोलावलं. लोक आले. मी विचारायची, टायर कसा वाटतो?

कॉलेजात गणित शिकवणारे दमाहे सर म्हणाले, "उत्तम. रस्ता धरून चालतो." मग कपातला चहा गोल फिरवत म्हणाले, "आणि प्रवास एकट्याचा वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. उत्तम आहे."

एक डॉक्टरीणबाई आल्या. रोज पुलगावला जाऊन-येऊन करायच्या. म्हणाल्या, "तक्रार काही नाही. पूर्वी गाडीत गाणी लावत होते, आता लावत नाही."

"आवाज जास्त येतो का टायरचा?"

"येतो. पण मला चालतो," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या.

ही मंडळी चहा पीत असताना मी बाहेर जाऊन त्यांच्या गाड्यांना मापक लावत होते. प्रत्येक गाडीत हवा कमी. कुणाची सव्वीस, कुणाची पंचवीस, आणि चारही चाकांत सारखी. गळती असती तर चार चाकांत चार आकडे आले असते. हे कुणीतरी बसून, मोजून सोडलेलं होतं. विचारल्यावर प्रत्येकाने तोंड भरून आश्चर्य दाखवलं.

आश्चर्य न दाखवणारा एकच माणूस भेटला. शालिक धुर्वे. स्वतःची पांढरी गाडी भाड्याने चालवायचा, पंचेचाळीस-पन्नासचा, शिडशिडीत, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्याच्या चाकांत बावीस होती.

"हवा कोणी सोडली, धुर्वे?"

"मीच जी. गरमीत हवा फुगते ना. म्हणून थोडी सोडून देतो. इकडं समदेच सोडतात."

ही समजूत त्या भागात खरोखरच घरोघरी होती, आणि ती उलटी आहे. उन्हाने वाढणारा दाब टायरला सोसतो. सोसत नाही ते दुमडणं. मी त्याला फाटलेला टायर दाखवला, भुकटी दाखवली. त्याने ती बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून पाहिली.

"कळलं मॅडम," तो म्हणाला. गुणवंतरावांनी चारही चाकांत तेहेतीस भरली. धुर्वे नमस्कार करून गेला.

त्याच्यासोबत त्याची मुलगी आली होती. रोशनी. नागपूरला नर्सिंगला होती, सुट्टीला घरी आलेली. तिला बाजारात काम होतं म्हणून ती मागे राहिली आणि गाडी वळल्याबरोबर माझ्याजवळ आली.

"मॅडम, ते आता पाण्याच्या टाकीजवळ थांबून परत सोडतील."

"का?"

"मी सांगितलं तर तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

तिने चेहऱ्याचा दुपट्टा सैल केला. "परत येताना ते सवारी घेत नाहीत. चांगली भाडी सोडून देतात. रिकामी गाडी आणतात. आणि मला मागच्या सीटवर बसू देत नाहीत. म्हणतात, मागं तुझी आई आहे."

गुणवंतराव खुर्चीत अवघडून बसले. मी हसले नाही.

"आईला जाऊन किती दिवस झाले?"

"मागच्या पोळ्याच्या नंतर गेली. बाबा गाडी घेऊन बाहेर होते. हे टायर टाकल्यापासून त्यांना ती बोलते म्हणतात. आधी नीट कळत नव्हतं, हवा थोडी कमी केली की कळतं. दर आठवड्याला आणखी थोडी कमी करतात. मॅडम, तुम्ही ते टायर काढूनच घ्या ना. कंपनीचे आहेत ना ते?"

"विकलेला टायर मला मालकाच्या मर्जीशिवाय काढता येत नाही."

"मग दुसऱ्या मेहंदीच्या आधी मला बापाचीही तेरवी करावी लागेल," ती म्हणाली. रडत नव्हती. नर्स होणाऱ्या मुलीसारखी, रुग्णाची स्थिती सांगावी तसं तिने सांगितलं. तिचं लग्न ठरलेलं होतं, साखरपुड्याची मेहंदी अजून तळहातावर विटकी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी धुर्वेची गाडी भाड्याने घेतली. चाकांत पुन्हा बावीस होती.

---

भर दुपारी आम्ही सिमेंटच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते: दोन्हीकडे झाड नाही, गाव नाही, वळण नाही. पांढरा पट्टा सरळ जातो आणि टोकाशी पाण्यासारखा लकाकतो. त्या वेळी वाहनंही फार नसायची. मी पुढे, धुर्वेच्या शेजारी बसले होते. मागची सीट रिकामी, तिच्यावर धुतलेली फुलाफुलांची चादर, चारही कोपरे नीट खोचलेले.

"एसी बंद करू का जी? तुमाले त्रास होईन, पण आवाज नीट येते."

"करा."

चाकाच्या वरच्या पोकळीत मी माझा मायक्रोफोन चिकटवला होता, त्याची वायर मांडीवरच्या यंत्रात आणली होती. काचा वर होत्या. गाडीने ऐंशीचा वेग घेतला आणि मागून कुणीतरी बोलायला लागलं.

मी जपून लिहिते आहे. आधी एक सरळ सूर होता, चाकाचा. मग तो सूर तुटू लागला, वर-खाली होऊ लागला, आणि त्या तुटण्याची लय बोलण्याची होती. बंद दाराच्या पलीकडे कुणीतरी सांगत असावं, आणि आपल्याला शब्द कळू नयेत पण वाक्य कुठे संपलं ते कळावं, तसं. मी मान वळवून पाहिलं. चादर, चार खोचलेले कोपरे.

"ऐकू येते ना?" धुर्वे समोर बघत म्हणाला.

"येतो. थांबा, मला मोजू द्या."

मोजलं, आणि अर्ध्या तासात उलगडा झाला. रस्ता बांधताना सिमेंट ओलं असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढतात, पावसात चाक घसरू नये म्हणून. त्यांच्यावरून चाक गेलं की एक सूर निघतो. टायरवर रबराचे ठोकळे असतात, त्यांचा दुसरा सूर. महागड्या टायरवर हे ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात, त्यामुळे सूर विस्कटतो आणि नुसती सरसर उरते. आमचा टायर मधल्या किमतीचा. साच्याचा खर्च वाचवायला आम्ही सगळे ठोकळे एकाच मापाचे केले होते. आणि योगायोगाने त्यांचं माप रस्त्यावरच्या रेघांमधल्या अंतराच्या अगदी जवळ आलं होतं. दोन सूर जवळजवळ सारखे, पण पूर्ण सारखे नाहीत. अशा वेळी ते एकमेकांत मिसळून हेलकावे घेतात.

हे मी धुर्वेला सांगितलं. "तानपुरा ऐकलाय का? त्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की आवाज लाटेसारखा येतो. तसंच आहे. हवा सोडली की चाक जरासं लहान होतं, दोन सूर आणखी जवळ येतात, लाटा सावकाश होतात. सावकाश झाल्या की त्या बोलण्यासारख्या वाटतात."

तो मन लावून ऐकत होता. मध्येच मान हलवत होता. मी संपवल्यावर म्हणाला, "बरोबर हाय मॅडम. शिकलेल्या माणसाचं बरोबरच राहाते. पण मंग थे माझं नाव काहून घेते?"

"नाव घेतं असं तुम्हाला वाटतं."

"असन," तो म्हणाला. "तुमाले काय वाटते?"

मी यंत्रात बघितलं. हेलकाव्यांचा वेग नोंदला. मला काय वाटत होतं ते नोंदलं नाही.

काही वेळाने त्याने आपण होऊन सांगितलं. "मी अकोल्याले होतो त्या दिवशी. सवारी हॉटेलात जेवून राह्यली होती. तुळसाचा फोन आला. म्हणे, 'अहो ऐका ना, थे म्हंजे...' आन् कटला. रेंज नव्हती मले. मी म्हटलं, करन मंग. रात्री शेजारच्यानं फोन केला. साप होता." त्याने स्टिअरिंगवरचा घाम शर्टाने पुसला. "थे म्हंजे काय, थे नाई समजलं मले. दवाखान्याचं होतं, का पोरीचं होतं, का दूधवाल्याचं होतं. पंचवीस वर्षांत बाई कधी अर्धं बोलून थांबली नाई. मीच म्हणायचो, थांब आता बाप्पा."

"आणि ते वाक्य तुम्हाला पूर्ण ऐकायचंय."

"एवढंच. दुसरं काई नाई. परवा 'थे म्हंजे'च्या पुढं गेली होती."

त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला, डाव्या मागच्या चाकापाशी बसला आणि काडीने व्हॉल्व्ह दाबला. हवा सुटल्याचा आवाज त्या उघड्या माळावर फार मोठा वाटला. मी उतरले. तापमान मोजायची बंदूक चाकावर धरली आणि आकडा त्याला दाखवला.

"धुर्वे, चहा उकळतो त्याच्या जवळ आलंय हे. आणखी सोडलीत तर हा फाटेल. आज नाही तर उद्या. उद्या शेजारी रोशनी असेल."

"एक डाव जी. फक्त आज. तुम्ही इथं सावलीत बसा, मी एक चक्कर मारून येतो."

सावली कुठेच नव्हती. तो पुढच्या चाकाकडे सरकला.

माझ्यापुढे दोन मार्ग होते. किल्ली काढून घेऊन त्याच्याशी भांडायचं. मग तो उद्या माझ्याशिवाय येईल. किंवा आत्ता त्याच्यासोबत बसायचं. मला एक गोष्ट माहीत होती जी त्याला माहीत नव्हती. दोन सूर जवळ येत येत एका ठिकाणी तंतोतंत जुळतात, आणि जुळले की हेलकावा उरत नाही. लाटा सावकाश होतात, होतात, आणि थांबतात. नुसता सपाट सूर राहतो. म्हणजे ज्या दिशेने तो तुळसाच्या जवळ जातोय असं त्याला वाटत होतं, त्याच दिशेला ती संपणार होती. हे मी सांगून त्याला पटलं नसतं. कानांनी पटलं असतं.

"मी येते," मी म्हणाले. "पण चाळिसाच्या वर जायचं नाही. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं."

"चाळिसाले येईन का ऐकू?"

"येईल. सूर खाली येईल, पण मेळ तोच राहील."

ऊन लागू नये म्हणून मी दुपट्टा नाकावरून घट्ट गुंडाळला, तिथल्या बाया गुंडाळतात तसा, आणि बसले.

गाडी रांगत निघाली. मागचा आवाज आता खर्जात होता आणि फार सावकाश. एक लाट. मग दुसरी. प्रत्येक लाट वाक्याएवढी लांब. धुर्वेचे ओठ हलत होते. तो तिच्या आधी तिचे शब्द म्हणून बघत होता. माझं लक्ष यंत्रावर असायला हवं होतं. पण लाटेच्या शेवटी सूर जिथे किंचित वर जायचा, विचारल्यासारखा, तिथे मला ते ओळखीचं वाटत होतं, आणि मी डोळे मिटले.

मग लाटा थांबल्या. हिशेबाने जिथे थांबायला हव्या होत्या तिथेच. एक सपाट, भरीव सूर गाडीत भरून राहिला. मी मनाशी म्हणाले, झालं.

धुर्वेने ब्रेक मारला.

गाडी थांबली, इंजिन बंद पडलं. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. मागे वळून बघितलं नाही.

"थांबला ना आवाज?" मी विचारलं.

"नाई. तेव्हाच तर बोलली. मॅडम, तुळसा नव्हती ते."

"मग?"

"कोणी म्हातारी होती. तुमच्याकडच्यासारखी बोलत होती, पुण्याकडच्या. साफ ऐकलं मी. म्हणे, 'ठमे, पडदा ओढ गं. डोळ्यावर येतंय.'" त्याने माझ्याकडे पाहिलं. "ही ठमी कोण हो?"

माझं नाव हेमलता. शाळेत, कंपनीत, सगळ्या कागदांवर तेच. ठमी म्हणणारी या जगात एकच व्यक्ती होती, आणि ती तीन वर्षांपूर्वी गेली होती. जाण्याआधी आठ-नऊ महिने आई अंथरुणाला होती. मेंदूतल्या रक्तस्रावाने तिचे शब्द गेले. चाल राहिली. ती लांबलचक वाक्यं बोलायची, त्यांना सुरुवात असायची, शेवट असायचा, प्रश्नाचा हेल असायचा, फक्त शब्द नसायचे. रोज दुपारी चारच्या सुमाराला ती एक ठरावीक वाक्य म्हणायची आणि शेवटी सूर वर न्यायची. मी पाणी द्यायची. उशी सरकवायची. कुशीवर वळवायची, भांडं द्यायची, रेडिओ लावायची, बंद करायची. ती पुन्हा तेच म्हणायची, मग दमून डोळे मिटून तोंड भिंतीकडे करायची. तिची खाट पश्चिमेच्या खिडकीला लावलेली होती.

धुर्वे उत्तराची वाट पाहत होता.

मला तेव्हा जे कळलं ते एका क्षणात कळलं. मी म्हणाले असते, ठमी म्हणजे मी, ती माझी आई, तर मागच्या सीटवर खरंच कुणीतरी येतं हे त्याला माझ्याकडून कळलं असतं. शिकलेल्या मॅडमकडून. मग आज माझी आई आली, उद्या तुळसा येईल. तो रोज आला असता. रोज थोडी हवा सोडली असती, रोशनीच्या लग्नापर्यंत पोचलाच नसता, आणि पोचला असता तर तिला शेजारी बसवून पोचला असता.

"कोण ठमी?" मी म्हणाले. "मला नाही माहीत."

"तुमच्या वळखीची नाई?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. दुपट्ट्यातून माझे डोळे तेवढे दिसत होते, आणि उन्हाने ते सगळ्यांचेच लाल होते.

"मंग आली कुठून थे? माझ्या खानदानात कोणी ठमी नाई."

"धुर्वे, तुम्ही किती वर्षं गाडी चालवताय? किती लोक मागे बसून बोलले असतील. पुण्याची एखादी म्हातारी कधीतरी आपल्या मुलीला म्हणाली असेल. डोकं ते ठेवून घेतं. आवाजाला अर्थ नसला की डोकं त्यात असलं काहीबाही भरतं."

"असन," तो म्हणाला. "पुण्याच्या लय सवाऱ्या असतात." समोरच्या काचेवर एक माशी चढत होती. "म्हंजे इतके दिवस मीच बोलून राह्यलो होतो? तिच्या नावानं?"

"हो."

"तिचं थे जे होतं, राह्यलेलं. थे नाई भेटणार मंग."

"नाही भेटणार."

हे दोन शब्द मी म्हणाले तेव्हा माझ्या डाव्या कानामागे, सीटच्या पाठीशी, कुणी नव्हतं. गाडी उभी होती. तरीही मी मान वळवली नाही.

माझ्या पेटीत गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप होता. आम्ही दोघं उतरलो. टायर निवेपर्यंत थांबलो, मग त्याने नळी धरली आणि मी मापक. पंप खडखड करत एकेका चाकाला वेळ घेत होता. पंचवीस झाली, तो म्हणाला, बस का? मी म्हणाले, नाही. तीस झाली. तो म्हणाला, तिले हवा भरलेली आवडत नाई. मग स्वतःच म्हणाला, काय बोलून राह्यलो मी. तेहेतीसला नळी काढताना त्याने चाकावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

पुण्याला परतल्यावर मी अहवाल दिला. ठोकळ्यांची मापं लहानमोठी करा, साचा बदला. रबराचा दोष नव्हता म्हणून खर्चाला मंजुरी मिळेना, मग मी आवाजाच्या तक्रारीचं कारण लावून ती मिळवली. नव्या साच्याचे पहिले चार टायर धुर्वेच्या गाडीला गेले. दमाहे सरांनी मात्र बदलून घ्यायला नकार दिला. गुणवंतरावांना त्यांच्या घरी तीन वेळा जावं लागलं. मायक्रोफोन चाकाच्या पोकळीत होता, त्यामुळे त्या दुपारच्या ध्वनिमुद्रणात चाकाशिवाय काही असण्याचं कारण नव्हतं. मी ते तपासलं नाही. रोशनी आता नागपूरच्या एका इस्पितळात सिस्टर आहे, दोन मुलं आहेत. धुर्वे अजून गाडी चालवतो आणि येताना सवारी घेतो.

पण त्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. भरलेल्या हवेवर चाकांचा आवाज बारीक आणि वेगाने हेलकावत होता, त्यातून काही निघण्यासारखं नव्हतं. परतीचा रस्ता उत्तरेकडे जातो. पश्चिमेचं ऊन माझ्या बाजूच्या काचेतून सरळ आत आलं आणि चेहऱ्यावर बसलं. काचेला रबरी चकत्यांवर अडकवलेला जाळीचा काळा पडदा होता, एका बाजूला गोळा केलेला. हात उचलला की पोचेल इतका जवळ.

धुर्वे आरशातून नाही, सरळ वळून माझ्याकडे बघत होता.

"ऊन लागून राह्यलं मॅडम तुमाले," तो म्हणाला. "ओढून घ्या ना थो."

तो साधेपणाने म्हणाला होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

"राहू दे," मी म्हणाले. "मला नाही लागत."

वर्धा येईपर्यंत मी डोळे उघडे ठेवून बसले.